रेसकार डिझाइनच्या सेमिनारला जाताय? मग आपल्या गाडीचे मोजलेले आकडे घेऊन जा

फॉर्म्युला स्टुडंट, सुप्रा, बाहा अशा कॉलेजच्या पोरांनी स्वतः गाडी बनवायच्या स्पर्धांच्या टीममध्ये काम करणाऱ्या पोरापोरींसाठी हे लिहितोय, कारण दरवर्षी मला तोच प्रश्न येतो की व्हेईकल डायनॅमिक्सच्या (गाडी वळताना, ब्रेक मारताना कशी वागते त्या शास्त्राच्या) त्या तीन दिवसांच्या सेमिनारला एवढे पैसे भरून जावं का आणि गेलो तर तिथे नक्की करायचं काय. माझं उत्तर सरळ आहे. जा, पण स्वतःच्या गाडीचे आकडे घेऊन जा. ज्याच्या वहीत आपल्या गाडीचं वजन, सीजीची (गुरुत्वमध्याची) उंची, मोशन रेशो (चाक किती हललं की स्प्रिंग किती दबते ते प्रमाण) लिहिलेलं असतं त्याला तिथलं प्रत्येक सूत्र लगेच आपल्या गाडीला लावून बघता येतं, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नसतं त्याला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या स्लाइड्स सारख्याच दिसायला लागतात.

आधी हे सेमिनार कसले ते थोडक्यात. अमेरिकेतल्या डेन्व्हरची ऑप्टिमम-जी नावाची कंपनी आहे, तिचे क्लोद रूएल कित्येक वर्षं जगभर फिरून व्हेईकल डायनॅमिक्स शिकवतात आणि फॉर्म्युला स्टुडंटच्या इव्हेंटला डिझाइन जज म्हणूनही बसतात. मुळात हे कोर्स रेस टीम आणि कार कंपन्यांच्या इंजिनियर लोकांसाठी बनवलेत, विद्यार्थी त्यांच्या शेजारी बसतात, आणि खरी मजा त्यातच आहे. त्याशिवाय एसएई इंडियाची ट्रेनिंग असतात, फॉर्म्युला भारतवाले वर्कशॉप घेतात, पुण्यात एआरएआय या ऑटोमोबाइल संशोधन संस्थेची सियाट नावाची परिषद साधारण दर दोन वर्षांनी भरते (ती रेसिंगची नाही, पण सस्पेन्शन, टायर, एनव्हीएच म्हणजे आवाज-कंपनं यांवर काम करणारी माणसं तिथे एका छताखाली भेटतात), आणि सॉफ्टवेअर कंपन्यांची ऑनलाइन सेशन तर फुकट असतात. खाली जे सांगतोय ते यातल्या कुठल्याही ठिकाणी जाताना चालेल.

हे एवढं महत्त्वाचं का, तर आपल्याकडे बऱ्याच कंबशन (पेट्रोल इंजिनच्या) टीम चाकणला बनलेलं केटीएम ३९० चं ३७३ सीसीचं सिंगल सिलिंडर इंजिनच लावतात, आणि पेट्रोल गाडीला फॉर्म्युला स्टुडंटच्या रूलबुकप्रमाणे २० मिमीचा रिस्ट्रिक्टर (इंजिनात जाणारी हवा अडवणारं अरुंद तोंड) सगळ्यांनाच लावावा लागतो, म्हणजे ताकदीत फार फरक पडायला जागाच नाही. फरक पडतो टायर कसा वापरला त्यात. शिवाय १००० पैकी १५० मार्क एकट्या डिझाइन इव्हेंटचे, आणि तिथे जज "काय बनवलं" यापेक्षा "असंच का बनवलं आणि ते बरोबर आहे हे तपासलं कसं" हेच पुन्हा पुन्हा विचारतात.

कुणी जायचं आणि कधी

फायनल इयरवाल्यांना बक्षीस म्हणून पाठवायची पद्धत बऱ्याच टीममध्ये आहे, ती मला अजिबात पटत नाही. ते पोरगं सहा महिन्यांत नोकरीला लागतं आणि शिकलेलं सगळं सोबत घेऊन जातं. सेकंड इयर संपत आलेला किंवा थर्ड इयरचा माणूस पाठवा, ज्याच्या हातात अजून किमान एक पूर्ण गाडी आहे. दोघंतिघं जाणार असाल तर एक सस्पेन्शनचा, एक एरोचा किंवा चॅसिसचा, आणि एक जण जो डेटा लॉगर आणि टेस्टिंग बघतो. हा तिसरा माणूस टीम नेहमी विसरते आणि खरं तर सेमिनारनंतर सगळ्यात जास्त काम त्यालाच असतं. ड्रायव्हरला इंजिनियरिंगची आवड असेल तर त्यालाही न्या.

वेळेचं म्हणाल तर डिझाइन फ्रीझच्या, म्हणजे डिझाइन पक्कं करून बदल थांबवायच्या, आधी. फॉर्म्युला भारत साधारण जानेवारीत कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर होते, त्यामुळे तिथे जाणाऱ्या टीमसाठी इव्हेंट संपल्यापासून पावसाळा सुरू होईपर्यंतचा काळ उत्तम. तेव्हा जुनी गाडी चालू अवस्थेत असते, तिच्यावर मोजमाप करता येतं, आणि नव्या गाडीचा पाइप अजून कापलेला नसतो. अपराइट (चाकाचा हब धरणारा भाग) मशीनिंगला टाकून झाल्यावर सेमिनारला गेलात तर तिथे कळलेली निम्मी गोष्ट पुढच्या वर्षावर ढकलावी लागते.

परवानगीचं काम लवकर उरका. फॅकल्टी ॲडव्हायझरच्या सहीने प्रिन्सिपल सरांना किंवा मॅडमना अर्ज, सोबत ब्रोशर आणि जाणाऱ्यांची नावं, ड्यूटी लीव्ह लेखी घ्या, तारखा इन-सेम किंवा ओरलवर येत नाहीत ना ते बघा. विद्यार्थ्यांसाठी आणि ग्रुपसाठी वेगळी फी असते का हे मेल करून विचारा, वेबसाइटवर दिसलं नाही तरी विचारा. कॉलेजकडून पैसे मागताना "सेमिनारला जायचंय" एवढंच लिहू नका, परत आल्यावर ज्युनियर्सची दोन दिवसांची ट्रेनिंग घेऊ असं लिहून द्या आणि खरंच घ्या.

जायच्या आधी गाडी मोजा

हा सगळ्यात मोठा भाग आहे, याला दोन वीकेंड द्या.

पहिलं, चारही चाकांवरचं वजन, ड्रायव्हर पूर्ण गिअर घालून बसलेला. कॉर्नर वेट स्केल नसतील तर घरात वापरतात तसे चार डिजिटल वजनकाटे चालतात, एका चाकावर साठ ते ऐंशी किलो येतात. फक्त चारही काटे आधी एकाच ओळखीच्या वजनावर तपासून घ्या आणि चारही एका लेव्हलला आहेत हे पाण्याच्या लेव्हल ट्यूबने बघा, फरशीचा उतार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त असतो.

दुसरं, सीजीची उंची. कॅडमधून काढलेला आकडा घेऊन जाऊ नका, कारण कॅडमध्ये वायरिंग, वेल्ड, ब्रेक ऑइल, ड्रायव्हर यातलं काहीच नीट नसतं. पद्धत जुनीच आहे. डॅम्परच्या (शॉक ॲब्सॉर्बरच्या) जागी तेवढ्याच लांबीच्या सॉलिड पट्ट्या लावायच्या म्हणजे सस्पेन्शन हलत नाही, टायरमध्ये हवा जास्त भरायची, पुढची चाकं काट्यावर, गाडी न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक मोकळे, मग मागचा ॲक्सल ठराविक उंचीवर उचलायचा आणि पुढचं वजन किती वाढलं ते वाचायचं. वाढलेलं वजन गुणिले व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), भागिले (एकूण वजन गुणिले गाडी तिरकी झाली त्या कोनाचा टॅन), जे उत्तर येईल त्यात चाकाच्या सेंटरची जमिनीपासूनची उंची मिळवली की सीजीची उंची.

आता इथे एक गोष्ट जवळपास सगळेच चुकवतात. समजा गाडी ड्रायव्हरसकट २८० किलो, व्हीलबेस १५५० मिमी, चाकाचं सेंटर २२५ मिमीवर आणि सीजी खरोखर ३०० मिमीवर आहे. मागचा ॲक्सल ४०० मिमी उचलला तर पुढचं वजन फक्त साडेतीन किलोच्या आसपास वाढतं, आणि काट्याने एका किलोची चूक केली तर सीजीच्या उंचीत २१ मिमीची चूक येते, म्हणजे ते मोजमाप कामाचं राहिलंच नाही. तेच ७०० मिमी उचललं तर वजन सातेक किलोने वाढतं आणि एका किलोची चूक ११ मिमीवर येते. म्हणून जास्त उचला, वेगवेगळ्या उंचीवर वाचन घ्या आणि ग्राफ काढा. एवढ्या उंचीवर ड्रायव्हरला बसवू नका, त्याच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या सीटवर घट्ट बांधा, आणि गाडी जॅकवर नाही तर पक्क्या स्टँडवर ठेवा, खाली कुणीही जायचं नाही.

तिसरं, मोशन रेशो. स्प्रिंग काढा, चाक ५-५ मिमीने वर उचला आणि डॅम्पर किती दबला ते कॅलिपरने मोजा. पूर्ण ट्रॅव्हलचं टेबल करा, मधला एकच आकडा नको, कारण रॉकर (चाकाची हालचाल स्प्रिंगकडे वळवणारा भाग) फिरतो तसा रेशो बदलतो. सोबत कॅम्बर (समोरून बघताना चाकाचा कल) आणि टो (वरून बघताना चाक आत-बाहेर वळलेलं) किती बदलतो तेही त्याच टेबलमध्ये लिहा. चौथं, जमलं तर कंप्लायन्स, म्हणजे जोर आला की सस्पेन्शनचे भाग किती वाकतात-सरकतात ते. चाकाला आडवा जोर लावून, म्हणजे साध्या स्प्रिंग बॅलन्सने ओढून, डायल गेजवर टो किती हलतो ते बघा. रॉड एंडमध्ये (सस्पेन्शनच्या दांड्यांच्या टोकाच्या सांध्यात) खेळ असलेल्या गाडीत जे दिसतं ते बघून सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या बंप स्टीअरच्या (चाक वर-खाली होताना आपोआप वळण्याच्या) ग्राफवरचा विश्वास उडतो.

आणि तीन गणितं करून जा

सेमिनारमध्ये हीच गणितं दहा पटीने वेगात येतात, त्यामुळे एकदा स्वतःच्या आकड्यांनी केलेली असली की पुढचं सगळं समजतं.

पहिलं गणित स्किडपॅडचं, म्हणजे गोलात गाडी फिरवायच्या टेस्टचं. आतला व्यास १५.२५ मीटर, बाहेरचा २१.२५, म्हणजे गाडीचा मधला रस्ता साधारण ९.१२५ मीटर त्रिज्येचा. एका फेरीला ५.५ सेकंद लागत असतील तर ४ गुणिले पायचा वर्ग गुणिले त्रिज्या, भागिले वेळेचा वर्ग, उत्तर ११.९ येतं, म्हणजे १.२ जी (गुरुत्वाकर्षणाच्या १.२ पट). तेच ५ सेकंद आणायचे असतील तर जवळपास १.४७ जी लागतात. वेळेत अर्ध्या सेकंदाचा फरक आणि ग्रिपमध्ये वीस टक्क्यांहून जास्त, हे एकदा कागदावर दिसलं की टार्गेट ठरवताना आपण उगाच काहीही बोलत नाही.

दुसरं, लोड ट्रान्स्फर, म्हणजे वळताना आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन. तीच २८० किलोची गाडी, १.२ जी, सीजी ३०० मिमी, ट्रॅक विड्थ (डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर) १२०० मिमी. २८० गुणिले १.२ गुणिले ०.३ भागिले १.२, उत्तर ८४ किलो. म्हणजे वळणात आतल्या बाजूचे १४० किलो ५६ वर येतात आणि बाहेरचे २२४ वर जातात. हे ८४ किलो स्प्रिंग बदलून, अँटी रोल बार (गाडीचं झुकणं कमी करणारी दांडी) लावून कमी होत नाहीत हे नीट लक्षात घ्या, ते फक्त पुढे किती आणि मागे किती असे वाटता येतात. समजा पुढे ४५ टक्के वजन आहे, म्हणजे पुढे १२६ किलो, एका चाकावर ६३. लोड ट्रान्स्फरचे ५० टक्के पुढे घेतले तर पुढचं बाहेरचं चाक १०५ वर आणि आतलं २१ वर. तोच वाटा ६५ टक्के केला तर आतल्या चाकावर जेमतेम आठ किलो उरतात, आणि टायरवर लोड दुप्पट केला की ग्रिप दुप्पट होत नाही, कमीच वाढते, त्यामुळे पुढची जोडी मिळून ग्रिप गमावते आणि गाडी अंडरस्टीअर करते (स्टीअरिंग फिरवूनही हवी तेवढी वळत नाही). या पुढच्या वाट्याला सेमिनारमध्ये मॅजिक नंबर म्हणतात, आणि सुरुवातीला तो पुढच्या वजनाच्या टक्केवारीपेक्षा पाचेक टक्के जास्त ठेवतात, नंतर टेस्टिंगमध्ये हलवतात. तुमच्या सध्याच्या गाडीचा तो किती आहे हे काढून जा.

तिसरं, राइड फ्रिक्वेन्सी, म्हणजे गाडी स्प्रिंगवर सेकंदाला किती वेळा वर-खाली होते. एका कोपऱ्यावर स्प्रंग मास (स्प्रिंगवर तोललेलं वजन) ६० किलो आणि ३ हर्ट्झ हवी असेल तर व्हील रेट (चाकापाशी जाणवणारा स्प्रिंगचा कडकपणा) साधारण २१.३ न्यूटन प्रति मिमी येतो. चाक १२ मिमी हललं की स्प्रिंग १० मिमी दबते असं धरलं तर १.२ चा वर्ग म्हणजे १.४४ ने गुणायचं, स्प्रिंग ३०.७ न्यूटन प्रति मिमीची हवी. टायरची स्वतःची रेट यात धरलेली नाही. आणि बाजारात स्प्रिंग पौंड प्रति इंचात मिळते, तिथे ही १७५ ची होते. मोशन रेशो कुणी चाक भागिले स्प्रिंग लिहितं, कुणी उलटं, त्यामुळे वर्गाने गुणायचं की भागायचं यात गोंधळ होतो, म्हणून कुठली व्याख्या वापरता ते पानाच्या वरच लिहून ठेवा.

टायर डेटाचं एक वेगळं सांगतो. फॉर्म्युला एसएई टायर टेस्ट कन्सोर्टियम नावाची व्यवस्था आहे, तिच्यासाठी अमेरिकेत बफेलोच्या कॅल्स्पॅनमध्ये टायर मशीनवर टेस्ट होतात आणि मेंबर कॉलेजना तो डेटा मिळतो. कॉलेज मेंबर नसेल तर आधी ते करून घ्या, सेमिनारचा पहिला दिवस बहुतेक टायरवरच जातो. तो डेटा बाहेर कुणाला द्यायचा नाही ही अट पाळा, शेजारच्या कॉलेजातल्या मित्रालाही नाही. आणि मशीनच्या बेल्टवर ग्रिप रस्त्यापेक्षा खूप जास्त मिळते, म्हणून बहुतेक लोक ती कमी करून दोन तृतीयांशाच्या आसपासच धरतात. तुमच्या ट्रॅकसाठी तो फॅक्टर किती धरायचा ते स्किडपॅडच्या वेळेवरून तुम्हीच काढू शकता, वरचं पहिलं गणित त्यासाठीच.

हॉलमध्ये बसल्यावर

पुढे बसा. लॅपटॉपवर टाइप करत बसण्यापेक्षा वही बरी, कारण ग्राफ टाइप करता येत नाहीत. पान उभं दुभागा, डावीकडे ते काय म्हणाले आणि उजवीकडे आपल्या गाडीत त्याचं काय. उजवी बाजू रिकामी राहिली तर तिथे प्रश्नचिन्ह काढून पुढे जा, अडकून बसू नका, एक स्लाइड समजून घेताना पुढच्या पाच निघून जातात. तिघं गेलात तर रात्री जेवायच्या आधी तासभर बसून तिघांच्या वह्या एकमेकांशी ताडून बघा, हे तिन्ही दिवस करा, चौथ्या दिवसावर टाकलं की होत नाही.

सुरुवातीलाच ॲक्सिस सिस्टिम कुठली ते विचारा. एसएईच्या जुन्या पद्धतीत झेड खाली असतो, आयएसओमध्ये वर, आणि त्यामुळे स्लिप अँगल (चाकाची दिशा आणि ते प्रत्यक्ष जातं ती दिशा यातला कोन), लॅटरल फोर्स (आडवा जोर) यांची चिन्हं बदलतात. टायर डेटा एका पद्धतीत आणि तुमचं मॉडेल दुसऱ्या पद्धतीत असेल तर गाडी कॉम्प्युटरवर उलटी वळते आणि आठवडा त्यात जातो. रेकॉर्डिंगला आणि स्लाइडचे फोटो काढायला बहुतेक ठिकाणी मनाई असते. ती पाळा, मिळालेलं मटेरियल टेलिग्रामवर टाकू नका, ते त्या माणसाचं आयुष्यभराचं काम आहे.

आता प्रश्न विचारण्याबद्दल. आपल्याकडची बरीच पोरं मराठी किंवा सेमी-इंग्लिशमधून आलेली असतात, समोर फॉरेनर असतो, शेजारी कंपनीतली पंधरा वर्षं अनुभवाची माणसं, आणि तोंड उघडत नाही. इंग्लिश मोडकंतोडकं असलं तरी काही बिघडत नाही, समोरच्या माणसाचंही ते बऱ्याचदा मातृभाषेतलं नसतं. प्रश्न आदल्या रात्री लिहून ठेवा, दोन वाक्यांत, आकड्यासकट, आणि वाचून विचारा. "रोल सेंटर किती उंचीवर ठेवायचं" (वळताना गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो बिंदू) असं विचारलं तर उत्तर "डिपेंड्स" एवढंच येणार, आणि ते बरोबरच आहे. तेच "आमचं पुढचं रोल सेंटर ३० मिमीवर आहे, एक डिग्री रोलला ते बाजूला बरंच सरकतं, मागचं जवळपास जागेवर राहतं, आम्ही आधी उंची बदलावी की सरकणं कमी करावं" असं विचारलंत तर समोरचा माणूस खडू उचलतो. फळ्यावर तुमची गाडी काढून समजावतो, आणि ती दहा मिनिटं सगळ्या हॉलला उपयोगी पडतात.

चहाच्या ब्रेकमध्ये आपल्याच टीमचा घोळका करून उभे राहू नका, प्रत्येकाने एकेका इंजिनियरशी बोलायचं ठरवा. सर किंवा मॅडम म्हणून ओळख करून द्या, लगेच इंटर्नशिपचा विषय काढू नका. ते डॅम्पर कसे तपासतात, टेस्ट ट्रॅकवर एका दिवसात किती बदल करून बघतात, रिपोर्ट कसा लिहितात असं विचारा. आपल्या कामाबद्दल कुणी मनापासून विचारलं की माणसं भरभरून बोलतात, आणि काही जण नंतर तुमचा डिझाइन रिव्ह्यू करायला कॉलेजलाही येतात.

परत आल्यावर

पहिल्या आठवड्यात ज्युनियर्सना शिकवा, वर्कशॉपमध्ये गाडीसमोर उभं राहून, फळा आणि मोजमापाची टेबलं घेऊन. समजावताना जिथे अडाल ते तुम्हाला समजलेलं नाही, तेवढं पुन्हा वाचा, लागलं तर मेल करून विचारा.

मग बदल ठरवा, आणि मोजके ठरवा. सेमिनारहून आलेली टीम एकदम यॉ मोमेंट डायग्राम, सेव्हन पोस्ट, लॅप सिम अशी सगळी किचकट गणितं आणि टेस्ट सुरू करते आणि एकही पूर्ण होत नाही. पहिल्या वर्षी टायर प्रेशर, टो आणि मॅजिक नंबर एवढं नीट टेस्ट केलंत तरी खूप झालं. टेस्टिंगला मोठा ट्रॅक लागत नाही, कॉलेजच्या मोकळ्या पार्किंगमध्ये कोन लावून स्किडपॅड होतो, परवानगी, फायर एक्स्टिंग्विशर आणि बॅरिकेड मात्र हवेत. पद्धत एकच पाळा: आधीच्या सेटिंगवर फेऱ्या, मग एकच बदल करून फेऱ्या, मग पुन्हा आधीच्या सेटिंगवर परत. शेवटच्या फेऱ्यांची वेळ पहिल्यासारखी आली तरच मधला फरक सेटिंगचा, नाहीतर तो टायर गरम झाल्याचा किंवा ड्रायव्हरचा हात बसल्याचा असतो. प्रत्येक रननंतर टायरचं तापमान आत, मध्ये, बाहेर असं तीन ठिकाणी घ्या, गाडी थांबल्या थांबल्या, आणि टोचायच्या प्रोबने, कारण इन्फ्रारेडने फक्त वरच्या थराचं कळतं आणि ते काही सेकंदात थंड होतं.

डिझाइन रिपोर्टमध्ये आणि जजसमोर "सेमिनारमध्ये असं सांगितलं होतं" हे वाक्य चालत नाही. समोर कदाचित ते शिकवणारेच बसलेले असतात आणि त्यांना तुमच्या गाडीत काय झालं ते ऐकायचं असतं. एका पानावर तीन कॉलम ठेवा: गणिताने काय आलं, गाडीवर काय मोजलं, फरक का पडला असं तुम्हाला वाटतं. गणिताने १.३५ जी यायला हवे होते आणि स्किडपॅडवर १.२ च आले तर ते तसंच दाखवा, आणि कंप्लायन्सच्या टेस्टमध्ये टो किती हलला होता ते टेबल शेजारी लावा. ते पान, मोजमापाची शीट आणि टेस्टिंगचा कच्चा डेटा कॅप्टनच्या खासगी ड्राइव्हवर न ठेवता टीमच्या कॉमन अकाउंटवर ठेवा, फाइलच्या नावात तारीख आणि गाडीचं वर्ष घाला, आणि मोजलं कशाने, ड्रायव्हर कोण होता, फ्युएल किती होतं हे पहिल्या ओळीत लिहा.